वाचकांचे प्रश्न: हॉकीवाल्यांचा पगार आणि कॅपची भानगड

प्रश्न: नमस्कार मालक. आयपीएलच्या ऑक्शनमधली पर्स कळते, पण अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, सॅलरी कॅप म्हणतात ती काय भानगड? टीमच्या मालकाकडे बक्कळ पैसा असून पण चांगले प्लेअर सोडून का देतात?
(एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: सोलापूरच्या बेचाळीस डिग्रीत बसून बर्फावरच्या खेळाचा पगार विचारताय, आवडलं आपल्याला. तर एका टीमनं वर्षाला सगळ्या प्लेअरच्या पगारावर जास्तीत जास्त किती खर्च करायचा, ती मर्यादा म्हणजे सॅलरी कॅप. याच कॅपवरून मालक आणि प्लेअर लोकांचं इतकं वाजलं की २००४-०५ चा अख्खा सीझन रद्द झाला, आणि पुढच्या वर्षी कॅप आली, ३ कोटी ९० लाख डॉलरची. २०२५-२६ ला तीच ९ कोटी ५५ लाख डॉलरवर पोचली. दंड भरतो पण जास्त खर्च करू द्या, असलं काही इथं चालत नाही, आणि खालची पण एक मर्यादा आहे, त्यामुळं फार कंजुषी करता येत नाही.

खरी गंमत पुढं आहे. कॅपमध्ये त्या वर्षी हातात किती पडले ते नाही मोजत, पूर्ण कराराची वर्षाची सरासरी मोजतात. म्हणजे पैसे आधी द्या नाहीतर नंतर द्या, कॅपवर आकडा तोच. मग टीमांनी डोकं चालवलं. २०१० मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्सनं इल्या कोव्हालचुकला १७ वर्षांचा, १० कोटी २० लाखांचा करार दिला. मधली पाच वर्षं दरसाल १ कोटी १५ लाख आणि शेवटची पाच वर्षं फक्त साडेपाच लाख! शेवटच्या चिल्लर वर्षांमुळं सरासरी उतरून आली ६० लाख. करार संपताना गडी ४४ वर्षांचा, तोवर खेळणार कोण? लीगनं करार फेटाळला, लवादानं पण लीगचंच खरं धरलं, मग १५ वर्षांचा नवा करार झाला. २०१३ मध्ये तर स्वतःच्या प्लेअरला जास्तीत जास्त ८ वर्षं आणि बाहेरच्याला ७ असा नियमच आला. माझ्या मते कॅपचे निम्मे नियम असेच कुणाच्या तरी हुशारीच्या मागं धावत आलेत.

साइनिंग बोनसचं पण अनेक जण विचारतात. आपल्याकडं यंत्रमाग कामगार उचल घेतो ना, तसं एकरकमी हातात पडतं, फक्त इथं ते कामातून फेडायचं नसतं, आणि सरासरीत धरतातच.

प्रश्न: जखमी प्लेअरचा पगार कॅपमधून सुटतो म्हणे? मग सगळेच जखमी व्हायला लागले तर?
(एक वाचक, साखर पेठ)

उत्तर: पूर्ण सुटत नाही हो. प्लेअर किमान १० मॅच आणि २४ दिवस बाहेर राहणार असेल तर त्याच्या बदली दुसरा घ्यायला कॅपच्या वर जायची सवलत मिळते. पण तुमची शंका बरोबर आहे. टॅम्पा बे टीमचा निकिता कुचेरोव हिप सर्जरीमुळं २०२०-२१ चा पूर्ण रेग्युलर सीझन बाहेर होता, प्लेऑफच्या पहिल्याच मॅचला हजर, आणि तेव्हा प्लेऑफला कॅपच नव्हती त्यामुळं टीम कॅपच्या सुमारे १ कोटी ८० लाख वर असून लीगचा कप जिंकली. सर्जरी खरी होती, नियम मोडला नव्हता, तरी बाकीच्यांचा जळफळाट व्हायचा तो झालाच. २०२५-२६ पासून प्लेऑफच्या मॅचला जे उतरतात त्यांची बेरीज पण कॅपमध्ये बसवावी लागते.

प्रश्न: नकोसा झालेला प्लेअर काढून टाकता येत नाही का?
(एक वाचक, बाळीवेस)

उत्तर: येतो, त्याला बायआउट म्हणतात, पण फुकट नाही. समजा दोन वर्षं बाकी आहेत, दरसाल ६० लाख. उरलेल्या १ कोटी २० लाखांचे दोन तृतीयांश म्हणजे ८० लाख, ते दुप्पट वर्षांत, म्हणजे चार वर्षं २० लाखांनी द्यायचे, आणि तो कुठंही खेळो, तुमच्या कॅपवर ते २० लाख दिसत राहणार. २६ च्या आतला असेल तर एक तृतीयांशच द्यावे लागतात, म्हणून पोरगं लहान असतानाच टीम निर्णय घेऊन टाकते.