आठ कुंड्या, तीन शिफ्ट

पत्र: "आक्का, मी २४ वर्षांचा. गाव गारगोटीजवळ, घरी दोन एकर ऊस. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर (संगणकावर चालणाऱ्या, धातू कापणाऱ्या) आहे, उचगावात खोली घेतलीय. शिफ्ट दर आठवड्याला बदलते. मेसचं जेवण सोसत नाही म्हणून मार्चमध्ये घरमालक काकूंना विचारून गच्चीवर आठ कुंड्या केल्या. गावाकडची काळी माती आणली. टोमॅटो, वांगी, कोबी, मेथी लावली, प्रत्येक कुंडीत मूठभर युरिया टाकला. टोमॅटोची फुलं गळाली, मेथी पिवळी पडून आडवी झाली, बाकीचं उन्हानं गेलं. आता काकू म्हणतात, स्लॅबला ओल येतेय. खोलीत एक शेगडी आहे, ती चहापुरती. आई दर रविवारी फोनवर विचारते, 'करून खातोस न्हवं?' मी हो म्हणतो. शेतकऱ्याच्या पोराला आठ कुंड्या जगवता येत नाहीत, तर नोकरीत तरी काय टिकणार? गेल्या महिन्यात माझ्या हातून एक लॉट, म्हणजे पिसांची अख्खी खेप, रिजेक्ट झाला." (एक पोरगा, उचगाव)

पोरा, आधी युरियाचा हिशेब करू. एकराला ४५ किलोचं एक पोतं फेकलं तर चौरस मीटरला ११ ग्रॅम पडतो. फूटभर रुंद कुंडीच्या वाट्याला त्या मापानं एक ग्रॅमसुद्धा येत नाही. तुझी मूठ म्हणजे निदान चाळीस ग्रॅम. एकराला पन्नासएक पोती ओतल्यासारखं झालं ते. वडिलांनी असं केलं असतं तर उभा ऊस जळाला असता. तेव्हा शेतकऱ्याचा पोरगा असल्याची लाज इथं कामाची नाही, पण शेतातलं माप कुंडीत चालत नाही हे मात्र लक्षात ठेव.

मातीचंही तेच. काळी माती शेतात सोनं असते, कारण खाली खोल थर असतो आणि मुळं ओलीच्या मागं हवी तितकी जातात. कुंडीत तीच माती भिजली की लोण्यासारखी, वाळली की विटेसारखी. वाळताना आकसते आणि कडेनं फट पडते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट बुडाला जातं, भोकातून बाहेर येतं, तुला वाटतं पाणी पोचलं. मधला गोळा कोरडाच. दुसऱ्या दिवशी घाबरून दुप्पट पाणी, मग गोळा चिकट, मुळांना हवा नाही. तुझी मेथी त्यात कुजून आडवी झाली असणार.

आणि मार्चात कोबी? कोबी, मेथी ही थंडीची पिकं. टोमॅटोला दिवसा पस्तिशीच्या वर ऊन गेलं आणि रात्रही उकाड्याची असली की फुलं फळ न धरताच गळतात. त्यात तापलेल्या स्लॅबवर टेकलेली कुंडी, म्हणजे खालूनही शेक.

एवढ्या चुका एकदम झाल्या की कुठली नडली ते कळतच नाही. मशीनवर तू असं करत नाहीस. पहिला पीस काढतोस, मापं घेतोस, पास झाला की मगच लॉट सोडतोस. गच्चीवर आठही कुंड्या एकाच दिवशी सोडल्यास. आता दोन घे. उरलेल्या सहा रिकाम्या करून पालथ्या ठेव, काकूंनाही बरं वाटेल.

काकूंचं बघू. स्लॅबच्या ओलीचं कारण बऱ्याचदा कुंडीपेक्षा गच्चीवरचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी असतं. कुंडीतली माती वाहत जाऊन जाळीवर बसते, पाणी तुंबतं, मुरतं. मृगाचा पाऊस धरायच्या आत तो कोपरा साफ कर आणि त्याच्या तीन फुटांत कुंडी ठेवू नकोस. प्रत्येक कुंडीखाली दोन विटा घाल, म्हणजे खालून हवा खेळते आणि ओल दिसते. वीस लिटरची भिजलेली कुंडी पंचवीस-तीस किलोची होते, तेव्हा ती गच्चीच्या मधोमध नको, खालच्या भिंतीच्या रेषेवर ठेव. हे सगळं करताना काकूंना वर बोलावून दाखव. न सांगता केलेली दुरुस्ती दिसत नाही. आणि एवढं करूनही ओल राहिली तर स्लॅबला भेग असेल, ते काम गवंड्याचं.

कुंडीला रंगाचा वीस लिटरचा डबा चांगला, पण आधी घासून धू. खिळा तापवून बुडाला सात-आठ भोकं पाड. शिवाय बाजूला, बुडापासून दोन बोटं वर, आणखी चार. बुडाची भोकं मातीनं बुजली तर बाजूची कामाला येतात. त्याच काळ्या मातीची ढेकळं फोड, ती फेकायची गरज नाही. एक घमेलं माती, एक घमेलं भिजवून पिळलेलं कोकोपीट, एक घमेलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. शेण ताजं नको, त्यात हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, हे तुला उसामुळं माहीत असेलच. युरियाची माती पहिल्या दोन-तीन पावसांत उघड्यावर धुऊन निघू दे, मगच मिसळ.

आता काय लावायचं. पावसाळ्यात एका डब्यात दोडका, दुसऱ्या पसरट क्रेटमध्ये पोकळा, म्हणजे राजगिऱ्याच्या जातीची पालेभाजी. एवढंच.

पोकळा पहिल्या पिसासारखा आहे, पंचवीस-तीस दिवसांत निकाल देतो. बी बारीक असतं. मूठभर कोरड्या मातीत कालवून फेकायचं, वर नखभर माती, आणि झारीनं पाणी. तांब्यानं ओतलंस तर बी एका कोपऱ्यात गोळा होतं. वीतभर झाला की मुळासकट उपटू नकोस, दोन बोटं देठ ठेवून काप. परत फुटतो.

दोडक्याच्या दोन बिया रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल टोच. दोन्ही उगवल्या तर अशक्त रोप काप. उपटलंस तर दुसऱ्याची मुळं हलतात. वेल काकूंच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर नको, वेगळी सुतळी बांध. पहिले आठ-पंधरा दिवस नुसती नर फुलं येतील आणि गळतील. पुन्हा टोमॅटोसारखंच झालं म्हणून पत्र लिहायला बसू नकोस, वेलाची रीतच तशी आहे. मादी फूल एकटं येतं आणि त्याच्या मागं बोटाएवढा दोडका असतो. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. गच्चीवर किडे-माश्या कमी फिरतात, म्हणून पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात, सहा-सातच्या सुमारास, नर फूल तोडून मादी फुलाच्या मधोमध हलकं घास. बऱ्याचदा हे न झाल्यानं कोवळे दोडके पिवळे पडून गळतात. दीड-दोन महिन्यांत तोडणी. दर तीन दिवसांनी बघ, शिफ्टच्या गडबडीत राहिला तर आत जाळी धरते आणि तो अंग घासायलाच उरतो.

पाण्याला नियम एकच: बोट दोन पेरं मातीत घाल, ओल लागली तर पाणी नाही. दुसऱ्या शिफ्टला सकाळी, पहिलीला घरी आल्यावर संध्याकाळी, रात्रपाळीला आल्याबरोबर झोपण्याआधी. मेथी आणि कोथिंबीर दसऱ्यानंतर. धने लावताना चपलेखाली किंवा लाटण्यानं हलके रगडून दोन फाका कर. एका धन्यात दोन बिया असतात. अख्खे टाकलेले उशिरा आणि विरळ उगवतात.

या दोन डब्यांवर तुझं पोट भरणार नाही. आठवड्याला दोन वेळची भाजी झाली तर खूप. म्हणून मेस बंद करू नकोस. मेसवाल्यांना विचार, खाडा, म्हणजे जेवायला येणार नाही हे, किती दिवस आधी सांगितलं तर पैसे वळते होतात. बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशी सांगावं लागतं. आठवड्यातले तीन खाडे ठरवून टाक, तेवढेच दिवस शेगडीवर.

त्या तीन दिवसांत भाकरी थापायला शिकू नकोस. भाकरी विकत मिळते, घरगुती करून देणाऱ्या बायका गल्लीत असतात, काकूंना विचार. हौस नंतर. तुला येऊ देत पिठलं, पोकळ्याची भाजी आणि आमटी.

पिठल्याला एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी. बेसन आधी थोड्या गार पाण्यात कालवून घे, गरम पाण्यात थेट टाकलंस की गुठळ्या झाल्याच. दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, एक कांदा, एक चमचा कांदा-लसूण मसाला. मसाला टाकण्याआधी आच मंद कर. तापल्या तेलात तो क्षणात करपतो आणि सगळं कडू होतं. कालवलेलं बेसन आणि उरलेलं पाणी घालून ढवळत राहा, घट्ट झालं की झाकण ठेवून पाच मिनिटं. ही पाच मिनिटं वाचवली की पिठलं कच्चट लागतं, आणि मग आपल्याला येतच नाही असं वाटतं.

पोकळ्याला मीठ शेवटी. कढईभर पाला वाटीभर होतो. आधी अंदाजानं घातलेलं मीठ मग खारट लागतं. लसूण, लाल मिरची, पाला, झाकण न ठेवता सात-आठ मिनिटं.

जेवणाच्या डब्याचं सांगते, कारण तुझं पोट मेसमुळंच बिघडतं असं मला वाटत नाही. दुसऱ्या शिफ्टला दुपारी दोनला भरलेला भात आठला उघडत असशील, तोही मशीनशेजारी उबेत ठेवलेला, तर त्यात दोष मेसचा नाही. शिजलेला भात उबदार जागी दोन तासांहून जास्त ठेवू नये. परत गरम केलं तरी तो बाधू शकतो. डब्याला भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि सुकी भाजी. आमटी-भात खोलीवर. रात्रपाळीला नऊच्या सुमारास पोटभर पण हलकं जेव, पहाटे तीनला भूक लागली तर कँटीनचा तळलेला वडा नको, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा.

तो लॉट कुठल्या शिफ्टला गेला ते तू लिहिलं नाहीस. रात्रपाळीत, पहाटेच्या सुमारास गेला असेल तर मला नवल वाटणार नाही. रिकामं पोट आणि डोळ्यावर झोप असताना मधलं माप घ्यायचं राहतं. इन्सर्टची, म्हणजे मशीनमधल्या कापणाऱ्या पात्याची, धार उतरली की माप हळूहळू सरकत जातं. दर किती पिसांमागे मोजायचं ते सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याला, विचारून ठरव आणि मशीनवर कागद चिकटव, प्रत्येक मापाला खूण कर. मग दोन-चार पीस जातील, लॉट जाणार नाही. एक लॉट रिजेक्ट झाल्यानं सहसा कुणाला काढत नाहीत. पण पुढच्या खेपेला 'कसं काय झालं कळलं नाही' हे उत्तर चालणार नाही.

राहिली आई. 'करून खातोस न्हवं?' याचं खरं उत्तर 'अजून नाही, पण शिकतोय' असं आहे, आणि ते सांगायला तुला लाज वाटते ती तिच्यापेक्षा गावाची. तिला कबुलीजबाब देत बसू नकोस. रविवारी तिनं विचारायच्या आत तूच विचार: आमटीला एका माणसाला डाळ किती, शिट्ट्या किती, आमसूल कधी. मी वर आमटीचं माप मुद्दाम दिलं नाही, ते तिच्याकडून घे. तिला कळायचं ते कळेल. मसाला संपत आला असेल तर तेही सांग, आणि आणलास की काचेच्या कोरड्या बरणीत हिंगाचा खडा घालून ठेव, ओला चमचा घालू नकोस.

दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की गावी जा. वडिलांकडून पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांचं, एक पोतं माग, थंडी-उन्हाळ्यात कुंडीवर चार बोटं थर घातला की पाणी बरंच कमी लागतं. नुसतं वर पसर, मातीत मिसळू नकोस, कुजताना ते रोपाचं नत्र ओढून घेतं. आणि पोत्याचं तोंड घट्ट शिव, नाहीतर गारगोटीपासून कोल्हापूरपर्यंत कंडक्टर बोलत येईल.