पुण्याची टीम दोनदा आली आणि दोनदा गेली

या वेळी पत्रांमध्ये आयपीएलमधल्या पुण्याच्या टीमबद्दल इतकं काही आलंय की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, आज फक्त पुणे.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. त्याला म्हटलं आयपीएलमध्ये पुण्याची टीम होती, फायनलपर्यंत गेली होती, तर म्हणतो बाबा काहीही सांगू नका. नक्की कधी होती, आणि एकच होती का दोन? – एक वाचक, चिंचवड

मुलाला सांगा की बाबा बरोबर आहेत, आणि एक नाही दोन टीम होत्या. पुणे वॉरियर्स इंडिया २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं खेळली, ती सहारावाल्यांची. मग दोन वर्षं काहीच नाही, आणि २०१६ मध्ये रायझिंग पुणे सुपरजायंट्स आली, ती संजीव गोयंकांची, ती २०१७ ची फायनल खेळली आणि संपली. या दोघींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, मालक वेगळे, जर्सी वेगळी, शहराचं नाव तेवढं कॉमन. त्यामुळे "पुण्याची टीम" म्हटल्यावर एकाला युवराज, गांगुली आठवतात आणि दुसऱ्याला धोनी, स्मिथ, आणि दोघंही बरोबर असतात.

प्रश्न : वॉरियर्सकडे युवराज, गांगुली, उथप्पा, स्मिथ, मॅथ्यूज सगळे होते तरी कायम तळाला का? आणि सहाराने टीम सोडली की बोर्डाने काढली? आमच्या ग्रुपवर यावरून अजून भांडणं होतात. – एक वाचक, सदाशिव पेठ

ग्रुप सदाशिव पेठेतला आहे म्हटल्यावर भांडण मिटणार नाही हे गृहीत धरूनच लिहितोय.

आधी रेकॉर्ड बघा. ४६ मॅच, १२ जिंकल्या, ३३ हरल्या, एक पावसात गेली. दर सीझनला बरोब्बर चार विजय, तिन्ही वर्षं, म्हणजे सातत्य नव्हतं असं कोणी म्हणू नये. २०११ ची सुरुवात खरं तर मस्त होती, पहिल्या दोन्ही मॅच जिंकल्या, आणि मग ओळीने सात हरल्या. घरच्या मॅच तेव्हा नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर व्हायच्या, कारण पुण्याजवळचं गहुंज्याचं स्टेडियम अजून तयार नव्हतं, ते एप्रिल २०१२ मध्ये सुरू झालं. म्हणजे पहिलं वर्षभर पुणेकर आपली टीम बघायला नेरूळला जात होते. २०१२ मध्ये युवराज कॅन्सरच्या ट्रीटमेंटसाठी बाहेर, गांगुली कॅप्टन, पहिल्याच मॅचला वानखेडेवर मुंबईला हरवलं, लोक म्हणाले आता यंदा काहीतरी होणार, आणि शेवट ओळीने नऊ पराभवांवर झाला. २०१३ मध्ये तर मॅथ्यूज, टेलर, फिंच असे एकाच सीझनमध्ये तीन कॅप्टन झाले. स्टार भरपूर होते, पण ठरलेली अशी अकरा जणांची टीम कधी बसलीच नाही, माझ्या मते तळाला राहण्याचं खरं कारण तेच.

आणि बंगळूरच्या ख्रिस गेलने वॉरियर्सला धुतलं ती मॅच. २३ एप्रिल २०१३, बंगळूर, ६६ बॉलमध्ये नाबाद १७५, शंभर तर ३० बॉलमध्येच, १७ सिक्स. फिंच त्या दिवशी कॅप्टन होता, त्याने स्वतः एक ओव्हर टाकून बघितली, २९ रन गेले. पण त्याच स्कोअरकार्डवर खाली जाऊन एक ओळ बघा, भुवनेश्वर कुमार, ४ ओव्हर, २३ रन. समोरची टीम २६३ करतेय आणि हा माणूस ओव्हरला सहासुद्धा देत नाहीये! विकेट मिळाली नाही म्हणून कोणाच्या लक्षात राहिलं नाही. पुढच्या सीझनला तो हैदराबादला गेला आणि तिथे काय केलं ते सगळ्यांना माहितीय.

आता भांडणाचा मुद्दा. २०१० च्या लिलावात सहाराने पुण्यासाठी ३७ कोटी डॉलर मोजले, तेव्हाचे जवळपास १,७०० कोटी रुपये, दहा वर्षांत हप्त्याहप्त्याने द्यायचे. बोली लावताना हिशोब होता ९४ मॅचचा, म्हणजे दहा टीम, प्रत्येकाशी एकदा घरी एकदा बाहेर, झाल्या ९०, वर चार प्लेऑफच्या. प्रत्यक्षात बोर्डाने २०११ ला फॉरमॅट बदलून ७४ मॅच ठेवल्या, त्यामुळे घरच्या मॅच नऊच्या सात झाल्या, आणि तिकिटं, मैदानावरच्या जाहिराती, सगळं उत्पन्न तितकंच कमी. सहारा म्हणे वर्षाची फी, म्हणजे तो हप्ता, कमी करा, बोर्ड म्हणे बघू, आणि ते बघू तीन वर्षं चाललं. मध्येच फेब्रुवारी २०१२ मध्ये ऐन लिलावाच्या दिवशी सहाराने टीम इंडियाची स्पॉन्सरशिप सोडतो आणि आयपीएलमधूनही बाहेर पडतो असं जाहीर केलं, मग समेट झाला. शेवटी फी भरली नाही म्हणून मे २०१३ मध्ये बोर्डाने सहाराची बँक गॅरंटी वटवली, म्हणजे बँकेकडून परस्पर पैसे वसूल केले, त्याच्यावर चिडून सहाराने टीम सोडल्याचं जाहीर केलं, आणि ऑक्टोबरमध्ये बोर्डाने रीतसर करार रद्द केला. म्हणजे सोडली पण आणि काढली पण, ग्रुपमधले दोन्ही पक्ष जिंकले.

फॉरमॅटच्या मुद्द्यावर सहाराचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही, वस्तू दाखवताना एक आणि देताना दुसरी असं झालं होतंच. पण सही केलेल्या कराराची फी न भरता हट्ट धरून बसायचं, याला धंदा म्हणत नाहीत.

प्रश्न : सुपरजायंट्सवाल्यांनी टीम "मायनस १६ कोटीला" घेतली असं वाचलं होतं. मायनस म्हणजे काय, फुकट मिळाली वर पैसे पण मिळाले का? – एक वाचक, नाशिक

बरोब्बर उलटं! २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी सस्पेंड केल्या, आणि आठाच्या सहाच टीम उरल्या. ती दोन वर्षं भरून काढायला बोर्डाने उलटा लिलाव केला. टीव्ही वगैरेचा जो मध्यवर्ती पैसा सगळ्या टीमना वाटला जातो त्यातून नव्या टीमला वर्षाला जास्तीत जास्त ४० कोटी मिळणार होते, आणि बोली त्याच्या खाली लावायची, कमीत कमी पैशात कोण तयार आहे ते बघायचं. गोयंका म्हणाले ४० सोडा, शून्यही नको, उलट आम्हीच बोर्डाला वर्षाला १६ कोटी देतो. हेच ते मायनस १६. राजकोट घेणाऱ्या इंटेक्सने मायनस १० लावली.

खेळाडूंचे पगार वेगळे, ते आणखी वरून. मग कमवायचं कुठून, तर स्वतःचे स्पॉन्सर आणि तिकिटं, आणि मुख्य म्हणजे दोन वर्षं देशभर नाव. डिसेंबर २०१५ मध्ये ड्राफ्ट झाला, म्हणजे सस्पेंड टीमचे खेळाडू नव्या टीमनी आळीपाळीने निवडले, त्यात पहिला नंबर पुण्याचा होता आणि त्यांनी धोनी उचलला, नाव तिथेच झालं. पण यात मेख अशी की ही टीम कधी बंद होणार ते पहिल्या दिवसापासून कागदावर लिहिलेलं होतं. अकॅडमी काढा, शाळेतल्या पोरांना स्टेडियमला आणा, दहा वर्षांनी फळ मिळेल, असला विचार कोण कशाला करेल?

प्रश्न : २०१६ ला पुण्याच्या मॅच विशाखापट्टणमला का गेल्या होत्या? – एक वाचक, लातूर

तुम्ही लातूरचे, तुम्हाला काय सांगायचं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी जात होतं आणि इकडे पिचवर पाणी मारायचं का यावर मुंबई हायकोर्टात केस चालू होती. कोर्टाने ३० एप्रिलनंतरच्या मॅच राज्याबाहेर न्या म्हणून सांगितलं, १ मेची एक तेवढी पुण्यात होऊ दिली. पुण्याने मग विशाखापट्टणम निवडलं. त्यात पीटरसन, ड्यू प्लेसी, स्मिथ, मिचेल मार्श असे एकेक जण जखमी होऊन घरी गेले, त्यामुळे सातवा नंबर आला त्याचं नवल नाही.

प्रश्न : दादा, २०१७ ची फायनल धोनी कॅप्टन असता तर जिंकलो असतो ना? खरं सांगा. – एक धोनी फॅन, कोल्हापूर

असता तर, नसता तर याला उत्तर नसतं रे. पण त्या सीझनचं सांगतो. लिलावाच्या तोंडावर धोनीला कॅप्टनपदावरून काढलं, स्मिथला केलं, टीमच्या नावातला शेवटचा "स" पण काढून टाकला. लोकांनी शिव्या घातल्या. पण टीम खरंच चांगली खेळली, १४ पैकी नऊ जिंकून दुसरी आली. स्टोक्स साडेचौदा कोटीचा, त्याने शंभर ठोकले, ते ठीकच आहे, पण मला जास्त मजा आली ती राहुल त्रिपाठीची, आपल्या महाराष्ट्राच्या टीमचा पोरगा, फक्त १० लाखात घेतलेला, कोलकात्याला ईडनवर ५२ बॉलमध्ये ९३ मारून गेला. उनाडकटने २४ विकेट घेतल्या. आणि मुंबईला तर लीगमध्ये दोनदा आणि क्वालिफायरमध्ये वानखेडेवर, असं तीनदा हरवलं.

मग हैदराबादची फायनल. मुंबई ७ बाद ७९, तिथून कृणालने खेचून १२९ वर नेलं. स्टोक्स प्लेऑफच्या आधीच इंग्लंडला परत गेलेला. पुण्याचे रहाणे ४४, स्मिथ खेळतोय, धोनी १० वर आऊट. शेवटच्या ओव्हरला ११ हवे, बॉलिंगला जॉन्सन. पहिल्या बॉलला मनोज तिवारीचा चौकार, म्हणजे पाच बॉलमध्ये सात, घरोघरी लोक उभे. दुसऱ्याला तिवारी कॅच. तिसऱ्याला स्मिथ ५१ वर कॅच, तोही सीमेजवळ रायुडूच्या हातात. चौथ्याला एक बाय. पाचव्याला ख्रिश्चनचा कॅच सुटला, दोन मिळाल्या. शेवटच्याला चार हव्या होत्या, तीन झाल्या असत्या तर टाय, आणि तिसरी पळताना रनआऊट. १२८. एक रनने गेली.

यात कॅप्टनसीचा मुद्दा कुठे येतो सांग? स्मिथने तीन बॉल शिल्लक असताना एकेक-दोन काढायच्या ऐवजी मोठा फटका मारला एवढीच काय ती तक्रार करता येईल, आणि तोच फटका बसला असता तर आज त्याचे पोस्टर लागले असते.

प्रश्न : पुण्याला परत टीम मिळेल का हो? – एक वाचक, तळेगाव

मला नाही वाटत, निदान इतक्यात तरी. २०२१ मध्ये दोन नव्या टीम काढल्या तेव्हा गोयंकांनीच ७,०९० कोटी मोजून टीम घेतली, पण लखनौची, आणि नाव ठेवलं लखनौ सुपर जायंट्स! मायनस १६ कोटीपासून सहा वर्षांत हा आकडा इथवर आला. एवढे पैसे ओतणारा माणूस मुंबईपासून तीन तासांवर, जिथे अर्धे लोक आधीच मुंबई इंडियन्सची निळी जर्सी घालतात, तिथे कशाला येईल? आणि २०१८ ला कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईच्या मॅच गहुंज्याला आल्या तेव्हा तर अख्खी ट्रेन भरून चेन्नईच्या पिवळ्या जर्सीतले लोक आले आणि इथलेही निम्मे पिवळे झाले, असं पुणेकरांचं चालतं. वर आपला ऋतुराज गायकवाड त्याच चेन्नईचा कॅप्टन झाला.

तुम्ही तळेगावचे, गहुंजे तुम्हाला जवळ. २०२३ पासून महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झालीय, त्यात पुणेरी बाप्पा नावाची टीम आहे, पहिल्या वर्षी कॅप्टन ऋतुराजच होता, आणि जिंकले रत्नागिरीवाले. जूनमध्ये असते त्यामुळे छत्री न्या.