'हव्यास' हा शब्द 'हव्य'वरून आला का? आणि तो नेहमी वाईट अर्थानेच वापरायचा का?

दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर 'नाही' असंच आहे.

'हव्य' म्हणजे होमात टाकायची आहुती. कानाला जवळचा वाटतो, पण त्याचा इथे संबंध नाही. मूळ शब्द अरबी, 'हवस'. तिकडे त्याचा अर्थ वेड, झपाटलेपण. उन्मादाच्या आजाराला अरबी वैद्यकात आजही हाच शब्द आहे. फारसीत तो इच्छा, लहर, लालसा या अर्थांकडे सरकला आणि दख्खनच्या दरबारांतून मराठीत उतरला. आमच्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यावरून विजापूर आणि अहमदनगरचे सुलतान कितीतरी वर्षं लढत राहिले. राज्यकर्त्यांचा हव्यास म्हणतात तो हा.

पण मला खरं अप्रूप वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. मराठीनं या एकाच 'हवस'मधून दोन शब्द घडवले. दुसरा म्हणजे 'हौस'. 'गवळण'ची 'गौळण' होते तसा इथेही 'अव'चा 'औ' झाला. मग दोघांचे संसार वेगळे झाले. हौस स्त्रीलिंगी, ती फिटते, भागते, पुरवता येते. हव्यास पुल्लिंगी, तो धरतात, तो सुटत नाही. 'माझा हव्यास फिटला' असं कुणी बोलल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. दोन्ही शब्दांतला फरक मला कोशातल्या अर्थांपेक्षा या क्रियापदांत जास्त स्वच्छ दिसतो. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, म्हणजे यात्रेला, जाणाऱ्यांना आपण हौशे, नवशे, गवशे म्हणतो. त्यातला हौशा पाळण्यात बसला, तिथला 'भाग्यश्री' बटाटेवडा खाल्ला की तृप्त होऊन घरी येतो. हव्यासी माणूस असा तृप्त होऊन परतत नाही.

हिंदीत 'हवस' बोलताना बहुतेक कामवासनेपुरता उरला आहे, तर तुर्कीत 'हेवेस' म्हणजे उमेद, हौस.

आता वाईट अर्थाचं. पैशाचा, सत्तेचा, जमिनीचा हव्यास म्हटलं की दोष येतोच. पण 'ज्ञानाचा हव्यास', 'परिपूर्णतेचा हव्यास' असंही आपण लिहितो, आणि तिथे थोडं कौतुकही असतं. अस्वस्थता तीच, पण ती कशासाठी आहे यावर शब्दाचा रंग ठरतो. म्हणून माझं मत असं की हव्यास कशाचा ते सांगितल्याशिवाय हा शब्द एकटा वापरू नये.

सोलापुरात कानडी शेजार असेल तर आणखी एक गंमत कळते. कानडीत 'हव्यास' म्हणजे सरळ छंद. टपाल तिकिटं जमवणं, चित्रं काढणं, सगळे हव्यासच. आपण ज्याला हौशी रंगभूमी म्हणतो, तिला ते 'हव्यासी रंगभूमी' म्हणतात. तेव्हा अक्कलकोट रस्त्यावरच्या एखाद्या कानडी आजोबांनी तुम्हाला 'तुमचे हव्यास काय?' असं विचारलं तर रागावू नका, आवडीनिवडी सांगा.