स्कूटीचं नंतर बघू, आधी बॉण्ड परत करा

सावद्याजवळून एका वाचकाचं १४ ऑगस्टचं पत्र आहे. साडेचार एकर केळी. मुलीला कॅप (सरकारच्या केंद्रीय प्रवेश) फेरीतून पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, प्रवर्ग ओबीसी, १ सप्टेंबरला होस्टेलवर सोडायचं आहे. गादी, कपाट, कूलर, इंडक्शन, भांडी, ८५ हजारांचा लॅपटॉप, १ लाख १० हजारांची स्कूटी आणि पिकअपचं १४ हजार भाडं, अशी यादी २ लाख ६० हजारांवर गेली आहे. कॉलेजची सव्वा लाख फी वेगळी. प्रश्न एवढाच, की सोनं गहाण ठेवावं की सामान हप्त्यावर घ्यावं? आणि जाता जाता एक ओळ: 'मृगबागेच्या पैशांतून दीड लाख मुलीच्या शिक्षणाच्या पॉलिसीत भरलेत, बॉण्ड (पॉलिसीचा मूळ कागद) २८ जुलैला आला, तिकडची काळजी नाही.'

भाऊ, काळजी तिकडचीच आहे.

तुम्ही पाठवलेल्या पानांप्रमाणे वर्षाला दीड लाख, पाच वर्षं भरायचे. म्हणजे साडेसात लाख. दहा वर्षं पूर्ण झाली की साधारण अकरा लाख मिळणार. मुलगी आज अठराची आहे. 'शिक्षणाची' पॉलिसी तिच्या हातात पैसे देणार तेव्हा ती अठ्ठावीसची असेल. यात परतावा किती? पैसे सरासरी आठ वर्षं अडकतात, साडेसातचे अकरा होतात, म्हणजे वर्षाला पाच टक्क्यांच्या आतबाहेर. हेच हप्ते साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत टाकले असते तर बारा लाखांच्या वर गेले असते. पॉलिसी विकताना बँकेत सांगितलेलं 'दुसऱ्या वर्षापासून पैसे काढता येतील' म्हणजे काय, तर पॉलिसीवर कर्ज मिळेल, तेही सरेंडर व्हॅल्यूच्या, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडली तर मिळणाऱ्या रकमेच्या, प्रमाणात. स्वतःचे पैसे व्याज भरून परत घ्यायचे! आणि 'पॉलिसी घेतली की एज्युकेशन लोन सोपं जाईल' असं जे तुम्हाला सांगितलं गेलं, ते तर सांगायलाच नको होतं. कर्जासाठी विमा घ्यायची सक्ती बँकेला करता येत नाही.

आणखी एक हिशेब. होस्टेल ४५ हजार, मेस दहा महिन्यांची ३५ हजार, वरखर्च ३० हजार, म्हणजे वर्षाला १ लाख १० हजार. चार वर्षांचे साडेचार लाख धरा. त्याच चार वर्षांत पॉलिसीला जाणार सहा लाख. मुलीपेक्षा पॉलिसीच जास्त खातेय. त्यासाठी तुम्ही सोनं गहाण ठेवायला निघालात: दहा-बारा टक्क्यांनी पैसे उचलायचे आणि पाच टक्क्यांच्या खात्यात टाकायचे. केळीचं तर तुम्हाला मी काय सांगायचं? मे-जूनमध्ये एक वादळ आलं की बाग आडवी होते. पण हप्त्याची तारीख वादळ बघत नाही.

सुदैवाने वेळ गेलेली नाही. बॉण्ड हातात पडल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, यालाच फ्री लूक म्हणतात. मुदत २७ ऑगस्टला संपते, तुम्ही २५ धरून चाला. बँकेत जाऊ नका. तिथे चहा मिळेल आणि 'पुढच्या आठवड्यात या' मिळेल. विमा कंपनीच्याच शाखेत जा. मूळ बॉण्ड, फ्री लूक रद्द करण्याचा अर्ज, रद्द केलेला चेक, आधार, पॅन. कारण एका ओळीत लिहा: 'दुसऱ्या वर्षापासून रक्कम मिळेल असे सांगितले होते, बॉण्डमध्ये तसे नाही.' झेरॉक्सवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. त्याच दिवशी कंपनीला ईमेलही करा. तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च, वैद्यकीय तपासणी आणि स्टॅम्प ड्युटी कापून बाकी रक्कम परत येते. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या १५५२५५ या हेल्पलाइनवर किंवा बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार. विमा हवाच, पण तुमच्या नावाचा साधा टर्म (मृत्यू झाला तरच पैसे देणारा): ५० लाखांचा, मुलगी कमावती होईपर्यंतचा. हप्ता या दीड लाखाच्या पासंगालाही पुरणार नाही.

आता फीचे सव्वा लाख. कॅपमधून प्रवेश, ओबीसी, मुलगी. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर २०२४-२५ पासून अशा मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. मॅनेजमेंट कोट्याला आणि खासगी अभिमत विद्यापीठांना हे लागू नाही. डेव्हलपमेंट फी वगैरे तुमच्याकडेच राहील. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. होस्टेलच्या खर्चासाठी ओबीसींना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तिच्या अटींत बसता का ते आधी बघा.  यासाठीचे कागद पुण्यात मिळत नाहीत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रिमी लेयर, रेशन कार्ड हे सगळं आपल्या जिल्ह्यातच करून घ्या आणि प्रत्येकाच्या चार झेरॉक्स काढा. हमखास अडकतं ते इथे: शिष्यवृत्ती आधार जोडलेल्या खात्यात येते, आणि आधार जोडलेलं असतं शाळेत असताना काढलेल्या, बंद पडलेल्या खात्याला. निघण्याआधी बँकेत तपासून घ्या.

मग उरली तुमची यादी. होस्टेलमध्ये कॉट, टेबल, कपाट असतं. फोन करून विचारा. गादी घेण्याआधी कॉटची रुंदी विचारा, बऱ्याच ठिकाणी ती तीन फुटांपेक्षा कमी असते आणि गादी बाहेर लोंबते. कूलर जळगावच्या उन्हाळ्याचा, सप्टेंबरच्या पुण्यात तो कोपऱ्यात धूळ खाईल. इंडक्शन दोन हजार वॉटचं असतं, बहुतेक होस्टेल ते जप्त करतात. म्हणजे भाकरीसाठीच्या कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठाचं पोतंही घरीच. ओल्या हवेत त्याला आळ्या पडतील. बिबडे (ज्वारीचे पापड) भाजायलाही गॅस लागतो. शेंगदाण्याची चटणी आणि पाव किलो काळा मसाला मात्र द्या, मेसच्या भाजीला लागेल. लॅपटॉप १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडीचा पन्नास हजारांत येतो, रोखीने घ्या. 'बिनव्याजी' हप्त्यात प्रोसेसिंग फी असते आणि रोखीची सूट जाते. स्कूटीचं दिवाळीत बघू. तोवर होस्टेल ते कॉलेज अंतर किती, पार्किंग आहे का हे कळेल. घेतलीच तर टाकी रिकामी करून भुसावळहून रेल्वे पार्सलने जाते.

पिकअप कशाला? स्लीपरच्या एका तिकिटावर ४० किलो सामान फुकट, दोघांचं ८० किलो. महाराष्ट्र एक्सप्रेस भुसावळहून थेट पुण्याला जाते. सगळं मिळून ७०-७५ हजारांत बसतं, पॉलिसीच्या परत आलेल्या पैशांतून. उरलेले मुलीच्या खात्यात एकदम टाकू नका, महिन्याला तीन हजार आणि मेसचे वेगळे.