पॉप आर्टचा पुस्तकसंच करायचाय? आधी कोरी डमी बांध

उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहेस, पॉप आर्टच्या (जाहिराती, कॉमिक्स, बाजारी वस्तू यांच्यावर बेतलेल्या कलेच्या) लिलावाच्या प्रसिद्धीसाठी संग्राह्य पुस्तकसंच हा प्रकल्प घेतलायस आणि ‘यावर पुढे पोट भरेल का?’ असं विचारलंयस.

नुसत्या लिलावांच्या पुस्तकांवर नाही भरणार. नेहमीचे कॅटलॉग आता बहुतेक ऑनलाइनच असतात. पेटीबंद संच निघतो तो एखाद्या मोठ्या संग्रहासाठी. पण हे काम ज्याला जमतं त्याला संग्रहालयं, गॅलऱ्या, प्रकाशक यांचीही कामं जमतात. तेव्हा विषय बदलू नकोस.

१९८८मध्ये सदबीज या लिलावसंस्थेने पॉप आर्टचा चित्रकार अँडी वॉरहॉलच्या संग्रहाचा लिलाव केला. लिलाव दहा दिवस चालला, कॅटलॉग सहा खंडांचा. त्यात वॉरहॉलने हौसेने जमवलेल्या बिस्किटांच्या बरण्याही होत्या, अगदी बाजारी माल. लॉट (लिलावातला एकेक नग) क्रमांक, छायाचित्र, अंदाजित किंमत या शिस्तीत बसल्यावर बरणीकडेही लोक वेगळ्या नजरेने बघतात. तुला हे काम शिकायचंय.

तू पाठवलेल्या तिन्ही मुखपृष्ठांवर भडक गुलाबी, पिवळा आणि ठिपके आहेत. चित्रंच मुळात एवढी ठसठशीत, की मुखपृष्ठाने त्यांच्यावर कुरघोडी करू नये. एक तरी शांत करून बघ.

आता छपाई. लिक्टेनस्टाइन या पॉप चित्रकाराच्या चित्रांतले ठिपके चार रंगांत छापताना त्यांच्यावर छपाईचे स्वतःचे ठिपके बसतात आणि मॉयरे नावाची लाटांसारखी नक्षी उमटू शकते. म्हणून छापखान्यातून प्रूफ (तपासणीची नमुना प्रत) काढून घे, संगणकाच्या पडद्यावर विसंबू नकोस. फ्लोरोसंट रंग सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या नेहमीच्या चार शाईंत, निघतच नाहीत, स्पॉट कलर (वेगळी तयार शाई) लागतो आणि खर्च वाढतो. पेटीचं मापही नुसत्या हिशेबाने ठरवू नकोस. ठरलेल्या कागदाचीच कोरी डमी (न छापलेला नमुना) बांधून घे, सगळे खंड शेजारी उभे करून जाडी मोज. पेटी घट्ट झाली तर पुस्तक ओढताना स्पाइन (पुस्तकाची पाठ) फाटते, सैल झाली तर खंड कलंडतात. स्पाइनवर सलग चित्र टाकणार असशील तर मिलिमीटरचा फरकही डोळ्यात खुपतो.

चित्रांचे हक्क हा वेगळा मामला. वर्गातल्या प्रकल्पापुरतं ठीक, पण विक्रीसाठी प्रती काढायच्या तर परवानगी हवी.

पहिली नोकरी प्रकाशन डिझाइनच्या स्टुडिओत नाहीतर छापखान्याच्या प्रीप्रेस (छपाईआधीच्या तयारीच्या) विभागात शोध. सोबत एकच बांधलेला संच ने. त्यात एका लॉटची पानं पूर्ण असू देत: चित्र, माध्यम, माप, आधीचे मालक, अंदाजित किंमत. बाकीची पानं कोरी राहिली तरी चालतील.