फोटोच्या गप्पा : झेंडू काळा आला पाहिजे

प्रश्न : दादा, मागच्या रविवारी आम्ही चौघं उदगीरच्या किल्ल्यावर गेलतो, बहिणीला लाल नऊवारी नेसवली, हातात कंदील, गळ्यात झेंडूचा हार, सगळं जुन्या काळातलं वाटावं असं. घरी येऊन सेपिया (तपकिरी रंगाचा) फिल्टर मारला, वरून ओरखडे, धुळीचे ठिपके पण टाकले. तरी मित्र म्हणायलेत की प्री-वेडिंगवानी दिसायलंय. काय चुकायलंय नेमकं? – एक वाचक, उदगीर

उत्तर : ओरखडे पुसून टाका आधी. तुमच्या पणजोबांनी फोटो काढून घेतला तेव्हा त्यावर ओरखडे नव्हते हो, ते नंतर ट्रंकेत पडले. पिवळेपणाचंही बरंचसं तसंच, जुने अल्बुमेन प्रिंट (कागदावर अंड्यातल्या पांढऱ्याचा थर द्यायचे म्हणून ते नाव) नवे असताना जांभळट तपकिरी असायचे, पिवळे पडले ते म्हातारपणी.

जुनेपणाची खरी चावी वेगळीच आहे. १९व्या शतकात फिल्मच्या जागी कॅमेऱ्यात काचेची प्लेट असायची, तिला निळा रंग दिसायचा, लाल जवळपास दिसतच नव्हता, पिवळा पण फार कमी. म्हणजे निळं आभाळ फोटोत पांढरंफटक, ढग गायब, आणि कुंकू काळं, हळद काळपट, झेंडू तर कोळशासारखा. रॉबर्ट गिल नावाच्या अधिकाऱ्याला १८४४ मध्ये अजिंठ्याची चित्रं उतरवून घ्यायला नेमलं होतं, पुढं त्यानं कॅमेरा हातात घेतला. त्याचे अजिंठा-वेरूळचे फोटो शोधून बघा, नाहीतर आपला भाग निजामाकडं होता तेव्हा निजामाचे फोटोग्राफर राजा दीनदयाळांनी काढलेले दौलताबाद-वेरूळचे बघा, आभाळ बहुतेक कोरंच दिसंल. तुमच्या फोटोत मात्र आभाळ गडद, ढग ठसठशीत आणि झेंडू उजळ, वर नुसता तपकिरी रंग ओतलाय. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण डोळ्याला खटकतं.

तर मोबाईलवर लाईटरूम (फोटो सुधारायचं ॲप) असंल तर फोटो ब्लॅक अँड व्हाईट करा आणि रंगांच्या पट्ट्यांमधी निळा वर, लाल-नारिंगी-पिवळा खाली ओढा, हिरवा पण थोडा खाली. बहिणीची लाल नऊवारी जवळपास काळी होईल, होऊ द्या. फोटो रॉ मधी (कॅमेऱ्याची न दाबलेली मूळ फाईल) काढलेला असला तर बरं, जेपेगमधी (नेहमीची दाबलेली फाईल) इतकं ओढलं की आभाळात चौकोन-चौकोन फाटायला लागतात. एक धोका आधीच सांगतो, यात चेहऱ्यावरचा प्रत्येक डाग आणि सुरकुती दुप्पट दिसते. मी आमच्या आजीचा असा फोटो काढून मोठ्या कौतुकानं दाखवला तर दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

अजून एक, त्या काळी एक्स्पोजर (प्लेटवर उजेड पडू द्यायचा वेळ) काही सेकंदांचं असायचं म्हणून झाडाची पानं आणि पाणी धुरकट यायचं. पावसाळ्यात नळदुर्गला बोरी नदीचं पाणी पाणीमहालावरून पडायला लागलं की संध्याकाळी कमी उजेडात दोन-तीन सेकंद शटर उघडं ठेवून बघा. पण पुरातत्त्ववाल्यांच्या जागेत ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, नाहीतर गेटवरच हुज्जत. मी कॅमेरा दगडावर ठेवतो, खाली गव्हाची छोटी पिशवी.

प्रश्न : सर, जुनी रशियन हेलिओस ५८ एमएमची लेन्स घेतली, पाठीमागं गरगर फिरल्यावानी बोके (मागचा धूसरपणा) येतो म्हणून. माझ्या निकॉन डीएसएलआरला अडॅप्टरनं लावली तर लांबचं काहीच फोकस होईना. लेन्स खराब निघाली का? – एक वाचक, नांदेड

उत्तर : लेन्स बरी असणार. तुमची हेलिओस एम४२ नावाच्या जुन्या आट्याची, अशा लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिलिमीटर अंतर पाहिजे आणि निकॉनचं माउंटच (लेन्स बसते ती कडी) ४६.५ वर आहे, वर अडॅप्टरची जाडी, म्हणून पाच-सहा फुटांच्या पलीकडं फोकस जातच नाही. हे अंतर भरून काढायला आत काच असलेले अडॅप्टर मिळतात, मला त्यांचा फोटो अजिबात आवडत नाही, सगळं धुकट येतं. पाच फुटांत अर्ध्या अंगाचा पोर्ट्रेट मस्त बसतो की, तेवढंच काढा. लिंबाच्या झाडापुढं उभं करा, झाड बरंच मागं पाहिजे, आणि लेन्स एफ २ वर, म्हणजे पूर्ण उघडी ठेवा. मात्र तो गरगरीतपणा फ्रेमच्या कडेला असतो, तुमचा सेन्सर छोटा असंल तर कडाच कापल्या जातात, मग येणार कुठून? मित्राचा फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा एक दिवस मागून घ्या, त्यात आरसा नसल्यानं लांबचा फोकसही जमतो.

प्रश्न : मला ब्लॅक अँड व्हाईट रोल घरीच धुवायचाय. पुस्तकात २० अंश पाणी आणि बराच वेळ वाहत्या नळाखाली धुवा असं दिलंय. आमच्याकडं नळ आठ दिवसाला येतो आणि मे महिन्यात टाकीचं पाणी चहा टाकावा इतकं गरम! – एक वाचक ताई, लातूर

उत्तर : ताई, ते पुस्तक लातुरात बसून लिहिलेलं दिसत नाही. माठ वापरा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात माठ मस्त गार होतो, थर्मामीटर घालून बघा, २३-२४ आलं तरी चालतंय, डेव्हलपरचा (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) वेळ त्याच्या तक्त्यात बघून कमी करा. डेव्हलपर, फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणी तिन्ही एकाच तापमानाचं ठेवा, गार-गरम झालं तर फिल्मचा थर सुरकुततो.

आणि वाहतं पाणी कशाला पाहिजे? इलफर्ड या फिल्म कंपनीची पद्धत आहे, रोल धुवायची झाकणाची छोटी टाकी भरा, ५ वेळा उलटीपालटी करा, ओता. परत भरा, १० वेळा. परत भरा, २० वेळा. झालं. छोट्या टाकीत एका रोलला तिन्ही मिळून लिटरभर पाणी. फिक्सर फक्त हार्डनर (फिल्मचा थर कडक करणारं रसायन) नसलेला घ्या. शेवटचा हात बोअरच्या पाण्याचा नको, क्षाराचे पांढरे डाग पडतात, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणा. आणि फिक्सरनंतरचं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून तुळशीला घालू नका, त्यात चांदी उतरलेली असते. आमची तुळस तशीच गेली.