दोन हेडची गँट्री आणि परदेशची नोकरी: तुमच्या प्रश्नाला उत्तर

तुम्ही विचारलंय की १० वर्षं एका हेडच्या (हेड म्हणजे टूल धरून फिरवणारा भाग) फाइव्ह-ॲक्सिस, म्हणजे पाच अक्षांवर हलणाऱ्या सीएनसी मशीनवर प्रोग्रामिंग केलंय, आता परदेशात दोन हेडच्या गँट्रीसाठी, म्हणजे वर आडवा बीम असलेल्या मोठ्या मशीनसाठी बोलावणं आलंय, बायको-मुलगी बरोबर येणार, तर जमेल का? व्हिसा, पगार, विमा सरकारी साइटवर सापडेल, ते सोडतो. रात्रीचे साडेअकरा झालेत, सकाळी शिफ्ट आहे, तरी लिहायला बसलोय.

आधी मशीन. टूलचं टोक जागेवर धरून हेड वळवणं तुम्हाला येतंच. कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारा कॉम्प्युटर, कुठला त्याप्रमाणे आज्ञा: सिनुमेरिकवर ट्राओरी, फानुकवर जी ४३.४, हायडेनहाइनवर एम १२८, नावं बदलतात इतकंच. हेड कलवणारा बी अक्ष शून्याजवळ गेला की ते गोल फिरवणारा सी अक्ष गरकन फिरतो, तेही पाहिलं असेल. तुम्हाला नवीन असेल ते थांबणं. दोन्ही हेडना कंट्रोलमध्ये आपापला चॅनल, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारा मार्ग, आणि आपापला प्रोग्राम. जिथे एकाने दुसऱ्यासाठी थांबायचं, तिथे दोन्हीकडे एकाच नंबरची खूण टाकायची: सिनुमेरिकवर वेटएम, फानुकवर त्यासाठी राखून ठेवलेला एम कोड. एकाच बीमवर दोन हेड असले की मधली जागा सामाईक, आणि तिथे कोण कधी शिरणार हे तुम्हीच ठरवायचं. मी अजूनही कॅम (प्रोग्राम बनवायचं सॉफ्टवेअर) उघडायच्या आधी कागदावर दोन उभ्या पट्ट्या काढतो, दोन्हीकडच्या खुणा रेघांनी जोडतो. रेघा एकमेकींना छेदल्या तर मशीन अडकणार म्हणजे अडकणारच. आणि सिम्युलेशनमध्ये हेड लांबून गेलं म्हणून खूण गाळू नका. ऑपरेटरने एका चॅनलचा ओव्हरराइड, म्हणजे वेग कमी-जास्त करायचं बटण, ५० टक्क्यांवर आणला की ते सगळं वेळापत्रक कोसळतं.

कागदपत्रांचं एकच सांगतो, कारण अजून डोकं तापतं. माझ्या अनुभवपत्रावर ‘प्रोग्रामर’ लिहिलं होतं. भाषांतर करणाऱ्याने त्याचा सॉफ्टवेअरवाला केला. मग कार्यालय म्हणे, कॉम्प्युटरची पदवी दाखवा. मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला! जुन्या कंपनीकडून ‘सीएनसी मशीनचं प्रोग्रामिंग व सेटिंग’ असं नव्याने लिहून आणेपर्यंत ४ महिने गेले. तुम्ही ते शब्द निघण्याआधीच घालून घ्या.

एकटेपणाचं विचारलंत. वाटतं. रविवारी जास्त वाटतं. पुढे.

रुजू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात मी थांबायची एक खूण पहिल्या चॅनलमध्ये इफच्या, म्हणजे ‘जर असं असेल तरच’ या अटीच्या आत टाकली. माप घेणाऱ्या प्रोबने माप बरोबर दिलं, त्यामुळे ती शाखा चाललीच नाही, आणि दुसरं हेड आपल्या खुणेपाशी येऊन पहिल्याची वाट पाहत उभं राहिलं. अलार्म नाही, लाल दिवा नाही, स्क्रीनवर नुसता फीड (टूल सरकण्याचा वेग) शून्य. मी ड्राइव्ह तपासले, लिमिट स्विच तपासले, केबलसुद्धा हलवून पाहिली. १ तास ४० मिनिटं. दोन हेडचा अनुभव आहे असं मुलाखतीत सांगून बसलो होतो, खरं म्हणजे तो फक्त सिम्युलेशनवरचा होता, त्यामुळे शेजारच्याला विचारायची सोय नव्हती. शेवटी एक वयस्कर सहकारी आला, दोन्ही प्रोग्राम शेजारी शेजारी उघडले आणि त्या ओळीवर बोट ठेवून निघून गेला.

त्याच दुपारी मुलाच्या शाळेत बैठक होती. बायको एकटी गेली, तिला तेव्हा इथली भाषा नीट येत नव्हती. तिच्यापुढे कागद ठेवला, तिने सही केली. मुलाला एक वर्ष खाली बसवायला आमची संमती होती ती. गणितात तो वर्गाच्या पुढे होता, कमी होती ती भाषा. नंतर मी दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा त्याच सहीची प्रत समोर आली.

इतकी वर्षं मी सगळ्यांना शाळेने अन्याय केला असंच सांगतो. बायको त्यावर काही बोलत नाही. मशीन सोडून गेलो असतो तर कंपनीने काय केलं असतं? बहुधा काहीच नाही.

कराराआधी दोन गोष्टी लिहून मागा. कंट्रोल कुठला, आणि पहिल्या पार्टला तुमच्या शेजारी जुना माणूस उभा राहील का? दोन हेड कधी चालवली नसतील तर तसं सरळ सांगा.

मुलगी कितवीत आहे ते लिहिलं नाहीत. ते आधी कळवा.